धाकटा दुकानात बसणार

रविवारच्या जेवणात कुणीतरी रागावून अर्ध्या ताटावरून उठणं ही दादांच्या घरातली रीतच होती. वहिनींना त्याची इतकी सवय झाली होती की त्या आधीच एक झाकण जवळ घेऊन बसत. उठलेल्याचं ताट झाकायचं आणि भूक लागून तो परत आला की काही न बोलता पुढे सरकवायचं. या रविवारी मात्र कुणी उठलं नाही. उलट धाकटा म्हणाला, आता मी कायमचा बसणार.

"कुठे बसणार?" दादांनी विचारलं.

"खाली. आपल्या दुकानात."

वहिनींच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

धाकट्याने पासष्टी ओलांडली होती, डोक्यावर होते नव्हते ते केस पांढरे झाले होते, पण तीन भावंडांतला शेवटचा म्हणून घरात तो धाकटाच. खालचं चष्म्याचं दुकान वडिलांनी थाटलं, दादांनी चालवलं आणि आता दादांची मुलगी छोटी चालवत होती. छोटी चाळिशीला टेकली होती आणि डोळे तपासण्याची पदवी घेऊन बसली होती, तरी तीही छोटीच. या घरात एकदा पडलेलं नाव सुटत नसे.

धाकट्याने त्या दुकानात ऐन तारुण्यात एक वर्ष काढलं होतं. त्या वर्षात त्याने एका वयस्कर गृहस्थांच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला आणि उजव्याची डाव्या बाजूला बसवली. ते गृहस्थ दुकानातून बाहेर पडले, समोरच्या टपालपेटीला "काय, बरं आहे ना?" म्हणाले आणि पुढच्या वळणावर भिंतीला धडकले. वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. आठवड्याभरात धाकटा एका प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये पियानो वाजवायला निघून गेला. पुढे जाझ, मग ब्राझीलकडची हळुवार बोसा नोवा, मग शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या लाउंजमधला पियानो. चार रेकॉर्डी निघाल्या. परदेशातली माणसं त्याला शोधत येत. घरच्यांना मात्र त्याचं एकच काम ठाऊक होतं: साबणाच्या एका जाहिरातीतली, फेसाचे बुडबुडे वर जाताना वाजणारी अर्ध्या मिनिटाची सुरावट.

"कायमचा म्हणजे?" दादा सावधपणे म्हणाले.

"पियानो बंद. तू म्हणायचास ना दादा, उशिरा का होईना, याला अक्कल येईल? तर आली."

दादांनी घास खाली ठेवला. "मी सांगत होतो," हे वाक्य म्हणायची संधी त्यांना आयुष्यात बऱ्याचदा आली होती, पण एवढी पूर्ण, एवढी पिकलेली, आपण होऊन झाडावरून हातात पडलेली संधी कधीच आली नव्हती. त्यामुळे ऐन वेळी त्यांना ते वाक्यच सुचेना.

"ताप आहे का तुला?" हे अक्कांनी विचारलं. अक्का सगळ्यांत थोरल्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना दादाही अजून पाठ ताठ करत.

"नाही, अक्का."

"मग आज संध्याकाळी तुझा कार्यक्रम आहे, त्याचं काय?"

"जात नाही. कळवून टाकतो."

"सोडा हो भावोजी," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "जेवताना कसले निर्णय घेता? बटाटे घ्या."

"घेऊ दे त्याला निर्णय!" दादांना आता वाचा फुटली. "जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलतोय, तर तुम्ही त्याच्या तोंडात बटाटा कोंबता? चल रे, ऊठ. आत्ताच चल खाली. दुकान दाखवतो तुला."

"मी पाहिलंय दुकान."

"आता नवीन काउंटर आहे!"

दोघे भाऊ जिना उतरून गेले. दादांची पावलं आज दोन-दोन पायऱ्या घेत होती.

वर स्वयंपाकघराचं दार आधी लावून घेतलं ते छोटीने.

"आई, हे होता कामा नये. काका माझा लाडका आहे, पण काउंटरवर तो? मागे मला ताप आला होता तेव्हा एक दिवस बसला होता, आठवतंय? एक बाई फ्रेम घ्यायला आल्या. हा त्यांना म्हणाला, तुमच्या चेहऱ्याला कुठलीच फ्रेम शोभत नाही, तुम्ही थोडं अंधुकच बघा, जग त्याने बरं दिसतं. आणि त्या बाई खूश होऊन निघून गेल्या! काहीही न घेता!"

वहिनींची काळजी वेगळी होती, आणि ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. सकाळच्या फिरण्याच्या घोळक्यात एकीचा मुलगा वैमानिक होता, एकीची सून दूरदर्शनवर बातम्या सांगायची. वहिनींकडे फक्त दीर होता. "आमचे भावोजी कलाकार आहेत, त्यांच्या वेळा आपल्यासारख्या नसतात," हे त्या इतकी वर्षं असं म्हणत आल्या होत्या, जणू त्या वेळा त्यांनीच नेमून दिल्या होत्या. आता काय सांगायचं? आमचे भावोजी चष्म्याच्या नाकपट्ट्या बदलून देतात?

"मला काय," त्या म्हणाल्या, "मला आपली त्यांच्या मनाची काळजी."

अक्का खुर्चीत ताठ बसून होत्या. धाकट्याला पियानोपाशी पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच, ही या घराण्याच्या इतिहासातली मान्य गोष्ट होती. खरं तर नेलं होतं अक्कांना, समोरच्या गल्लीतल्या नाचाच्या वर्गाला, आणि सोबत म्हणून धाकटा. आठवड्याभरात बाईंनी अक्कांना हात जोडले. धाकटा मात्र कोपऱ्यातल्या पियानोखाली बसून राहिला, मग पियानोसमोर बसला, आणि त्याला तिथून उठवायला पुढे कुणी उरलं नाही.

"तुम्ही दोघी मूर्ख आहात," अक्का म्हणाल्या. "तो दुकानात येतोय म्हणून घाबरलात. तो पियानो का सोडतोय, हे एकीने तरी विचारलं का?"

वहिनी ओट्याकडे वळल्या, मग परत वळल्या.

"आज त्यांनी चमचा डाव्या हातात धरला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, कलाकार माणूस, लहर."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जिन्यावर आवाज होऊ नये म्हणून अक्कांनी चपला काढल्या आणि त्या पुढे झाल्या. मुख्याध्यापक बाई दाराआडून ऐकणार, हे शिपायालासुद्धा खरं वाटलं नसतं.

खाली दुकान रविवारचं बंद होतं. दादांनी सगळे दिवे लावले. भिंतीवरच्या शेकडो रिकाम्या फ्रेमा एकदम दोघांकडे बघायला लागल्या.

"हे लहान मुलांचे. हे वाचायचे. हे उन्हाचे, यांना हात लावायचा नाही, छोटी रागावते. आणि ही माझी खुर्ची."

"मी इथेच बसू?"

दादा किंचित थबकले. खुर्ची हा मुद्दा त्यांच्या डोक्यात आला नव्हता. छोटीच्या हाती कारभार देऊन काही वर्षं झाली होती, पण खुर्ची त्यांनी दिली नव्हती. रोज सकाळी ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकावरच्या चष्म्याचा नंबर मनातल्या मनात ओळखत.

"तू... स्टुलावर बस. आरंभी सगळे स्टुलावरच बसतात. बरं, हे घे." त्यांनी खणातून एक सैल झालेली फ्रेम काढली, बारीक पेचकस दिला. "काडीचा स्क्रू निसटलाय. बसव. यात काय, लहान मूल बसवेल."

धाकट्याने फ्रेम डाव्या हातात घेतली. उजव्या हाताने तांदळाच्या कणीएवढा स्क्रू उचलला. तो त्याच्या बोटांतून घसरला आणि फरशीवर कुठेतरी टिणकन वाजला.

"कोमल गंधार," धाकटा सवयीने म्हणाला.

"गंधार गेला खड्ड्यात, स्क्रू कुठे गेला?"

दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसले. दादा काउंटरच्या एका टोकाकडून आत शिरले, धाकटा दुसऱ्या टोकाकडून. मध्यभागी, धूळ आणि एका जुन्या रुमालाच्या सोबतीला, दोघांची डोकी आपटली.

"आई गं! आंधळा आहेस का?"

"चष्म्याच्या दुकानात असं विचारू नये, दादा."

"तो बघ, तुझ्या उजव्या हाताशी. उचल."

धाकट्याने हात पुढे केला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही नीट हलली. उरलेली दोन तळव्याकडे वळून तशीच पडून राहिली, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. त्यांच्या आधाराशिवाय चिमटीत जोर येईना. स्क्रू पुन्हा निसटला.

दादांनी ते जवळून पाहिलं. चार दशकं माणसांच्या डोळ्यांत बघून ती काय लपवतात हे ओळखणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाचा हात दिसायला काउंटरखाली शिरावं लागलं होतं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात, कोपरातली नस. उशीर झाला, आता एवढंच राहील."

"आम्हाला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? गाणं कुठे असतं माहितेय? वरच्या सुरांत. आणि वरचे सूर याच दोन बोटांकडे. गेल्या रविवारी एक जागा अशी चुकली की कॉफी देणाऱ्याने वळून पाहिलं. त्याने इतक्या वर्षांत कधी वळून पाहिलं नव्हतं." धाकटा हसला, पण हसू नीट बसलं नाही. "म्हणून म्हटलं, घरी जाऊ. दादा तरी खूश होईल."

दादा काउंटरखाली, गुडघ्यांवर, धुळीत, लाल होत गेले. धाकट्याला वाटलं, याला काहीतरी होतंय.

"खूश? मी खूश?" आवाज लाकडाला आपटून दुप्पट झाला. जिन्यावर वहिनींनी छोटीचा हात धरला. "तू जहाजावर गेलास ना, त्याच्या पुढच्या सोमवारी मी नोकरीवर रुजू होणार होतो. नकाशे काढणाऱ्या खात्यात. डोंगर मोजायचे, नद्या मोजायच्या, वर्षातले सहा महिने तंबूत. पेटी भरून दाराशी ठेवली होती. तू गेलास. बाबा एकटे पडले. मी पेटी उघडली, कपडे कपाटात ठेवले आणि खाली येऊन त्या स्टुलावर बसलो."

"तू कधी बोलला नाहीस."

"तू कधी घरी होतास? आल्यावर जाहिरातीतले बुडबुडे वाजवायचास आणि जायचास! मी मनाशी म्हणायचो, जाऊ दे. दोघांतला एक तरी गेला. वाईट वाजवत असेल, त्या हॉटेलात कुणी ऐकत नसेल, पण गेला तरी! आणि आता तू येऊन माझ्या शेजारी बसणार? मग मी कशासाठी बसलो होतो रे इतकी वर्षं? दोघांनीही इथेच बसायचं होतं तर मी डोंगर नसते का मोजले?"



"दादा," थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, "पाय आखडलाय माझा. बाहेर कसं यायचं?"

जिन्यावरून तिघी धावत खाली आल्या. ऐकत नव्हतो, असं दाखवायचंही कुणाला सुचलं नाही. छोटीने दादांना ओढलं, वहिनींनी आणि अक्कांनी धाकट्याला. मग अक्कांनी त्याचा उजवा हात हातात घेऊन वह्या तपासल्यासारखा उलटसुलट पाहिला.

"आठ चालतात ना?"

"अक्का, पियानो असा नाही वाजत..."

"नाचाच्या वर्गात माझे दोन्ही पाय शाबूत होते. काही उपयोग झाला? कपडे बदल. किती वाजता असतं तुझं ते?"

"मी जाणार नाही म्हटलं ना."

"तू जाणार," दादा गुडघ्यांवरची धूळ झटकत म्हणाले. "मी सोडायला येतोय. तुझा भरवसा नाही, मध्येच कुठलं दुकान गाठशील."

"मग मीही येते," वहिनी म्हणाल्या. त्यांना आत्ताच दिसलं होतं की उद्या सकाळी फिरताना सांगायला हे वैमानिकापेक्षा वरचढ ठरेल.

अख्खं कुटुंब एकाच गाडीत बसून हॉटेलवर गेलं. दादा इतकी हळू गाडी चालवत होते की एका सायकलवाल्याने खिडकीशी येऊन काही मदत हवी का विचारलं.

लाउंजमध्ये मऊ खुर्च्या होत्या, उंच झाडांच्या कुंड्या होत्या आणि वीस-पंचवीस माणसं आपापल्या कपांशी बोलत बसली होती. पियानोशेजारी एक उंच, हडकुळी बाई आपलं कपाटाएवढं बासवाद्य मिठीत घेऊन उभी होती. ती धाकट्याबरोबर फार वर्षं वाजवत आली होती, आणि तेवढ्या वर्षांत ते दोघे मिळून पानभरसुद्धा बोलले नसतील.

"आलास," ती म्हणाली. "मला वाटलं, येणार नाहीस."

"तुला काय माहीत?"

"गेले तीन महिने तुझा उजवा हात खोटं बोलतोय. मी काय बहिरी आहे?" तिने मागे दादा, वहिनी, अक्का, छोटी अशी रांग पाहिली. "हे कोण? पोलीस?"

"घरचे."

"बरं. आज वरची चाल मी घेते. तू खालीच राहा."

धाकट्याने मान हलवली, पण पियानोसमोर बसल्यावर जुनी खोड उसळली. पहिलंच गाणं त्याने नेहमीसारखं वरून धरलं. चार ओळी निभावल्या. मग करंगळी घसरली आणि भलताच सूर एवढ्या मोठ्याने वाजला की झाडाच्या कुंडीमागचा एक माणूस दचकून जागा झाला. धाकटा थांबला. मागे बसलेल्या ड्रमवाल्याचे तारांचे ब्रश हवेत राहिले. बाई तारांवर हात ठेवून वाट बघू लागली. लाउंजमध्ये फक्त एका कपात चमचा फिरत होता.

दादांना या संगीतातलं काहीच कळत नव्हतं. थांबलं म्हणजे संपलं, आणि संपलं म्हणजे टाळ्या वाजवायच्या, एवढं त्यांना कळत होतं. ते उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या मागून छोटी, मग वहिनी, मग अक्काही. आपल्याला न कळता काहीतरी थोर घडून गेलं असं वाटून बाकीच्यांनीही वाजवायला सुरुवात केली. कुंडीमागचा माणूस तर "वा!" म्हणाला.

धाकट्याला हसू फुटलं. खांदे हलेपर्यंत तो हसला. मग त्याने डोळे पुसले, उजवा हात उचलून जरा खाली, पियानोच्या मध्यावर आणला, आणि पुन्हा सुरुवात केली.

बोसा नोवा त्याला जहाजावर एका गिटारवाल्याने शिकवली होती. शेजारच्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय असं समजून वाजव, एवढाच त्याचा धडा. विशीतल्या धाकट्याला ते कधी नीट जमलं नव्हतं. दहा बोटं होती, ती सगळी दाखवायची असत. आज दाखवायला फारसं नव्हतं. डाव्या हाताने तो ताल जोजवत राहिला, उजव्याची तीन बोटं मधूनच एखादा सूर ठेवून बाजूला होत, आणि मधल्या मोकळ्या जागेतून त्या बाईच्या बासाची जाडीभरडी चाल सावकाश चालत गेली.

"थांबला का?" दादा कुजबुजले. त्यांची कुजबुज तीन टेबलांना ऐकू गेली.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "बाईला पुढे जाऊ देतायत."

"तो कधी कुणाला पुढे जाऊ देत नाही."

"आज देतायत. बसा गप्प."

अक्का समोरच्या भिंतीकडे टक लावून बसल्या होत्या. छोटीने रुमाल पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "एसीचा वारा लागतोय डोळ्यांना," आणि रुमाल ठेवून घेतला.

असंच आणखी पाच-सहा गाण्यांपर्यंत चाललं. दोनदा चुकलं. दोन्ही वेळा दादांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी चुकलंय हे त्यांना कळलं होतं, तरीही वाजवल्या.

मध्यंतरात धाकटा त्यांच्या टेबलाशी आला. सदरा पाठीला चिकटला होता. छोटीने त्याला खुर्ची दिली. वहिनींनी विचारलं, "भावोजी, दर रविवारी हे एवढंच असतं, की आज खास?"

"आज कमी होतं, वहिनी. निम्मंच वाजलं."

"निम्मं बरं होतं," अक्का म्हणाल्या.

बासवाली बाई पाण्याचा पेला घेऊन मागून जात होती. ती थांबलीसुद्धा नाही. "निम्मं पुष्कळ झालं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी लवकर ये. चाली वाटून घेऊ."

धाकटा तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने दादांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दादांनी घसा साफ केला.

"इकडे दे," ते म्हणाले.

"काय?"

"हात."

धाकट्याने हात टेबलावर ठेवला. दादांनी आपला चष्मा कपाळावर चढवला आणि ती दोन वळलेली बोटं, वाकलेल्या फ्रेमची काडी सरळ करताना धरावी तशी, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली. अगदी हलका, तसूभर दाब दिला. थांबले. पुन्हा दिला.

"दुखतं?"

"नाही. काहीच कळत नाही तिथे."

"हं."

पियानोपाशी दिवे पुन्हा लागले. ड्रमवाला जागेवर जाऊन बसला. बाईने एक तार छेडून इकडे पाहिलं.

"दादा, हात सोड," धाकटा म्हणाला. "वाजवायचंय मला."

"मग जा ना, कुणी धरलंय?" दादा म्हणाले, आणि तरीही आणखी थोडा वेळ त्यांनी तो धरून ठेवला.